वारं आहे म्हणून नाव मागे घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. अंदाजात सोसाट्याचा वारा, अधूनमधून सरी आणि खाली उतरलेले ढग दिसतायत, म्हणून रेडिओनं उडवायच्या मॉडेल ग्लायडरच्या स्पर्धेतून नाव काढून घ्यावं असं तुझ्या मनात घोळतंय. "अशा हवेत स्पर्धा म्हणजे नुसती लॉटरी," असंही लिहिलंयस. नाव काढायचं तर काढ बाबा, पण कारण दुसरं शोध. हे मला पटलेलं नाही.

लॉटरी दर वेळी वेगळ्याच माणसाला लागते. वाऱ्यातल्या स्पर्धांचे निकाल जरा काढून बघ, वर फिरून फिरून तीच नावं येतात. आणि शांत, उन्हाच्या दिवशी पहिल्या पाचांत असणारी कितीतरी मंडळी त्याच यादीत मधे कुठेतरी हरवलेली असतात. हे नशिबाचं लक्षण नव्हे.

गुणांचा हिशोबच बघ ना. एफ५जेमध्ये, म्हणजे मोटरनं वर जाऊन मग मोटर बंद करून तरंगत राहायच्या स्पर्धेत, १० मिनिटं मिळतात, हवेतल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण. ठरलेल्या जागेवरच्या लँडिंगचे जास्तीत जास्त ५०. त्यातून मोटरनं गाठलेल्या सुरुवातीच्या उंचीचे गुण वजा, २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा आणि त्याच्या वर मीटरमागे ३. मग एकत्र उडणाऱ्या ग्रुपमधल्या सर्वोत्तम उड्डाणाला १०००, बाकीच्यांना त्या प्रमाणात. आता शांत दिवस धर. तू ६० मीटरवरून निघालास, मी ९० वरून. दोघंही ९ मिनिटं ५५ सेकंद उडालो, दोघांचंही लँडिंग पन्नासचं. तुझे ६१५, माझे ६००. तुला १०००, मला ९७६. दिवसभर घाम गाळून फरक काय तर चोवीस गुण! आता वाऱ्याचा राउंड घे. एकानं १४० मीटरची उंची घेतली, ९ मिनिटं ५० सेकंद काढले आणि लँडिंगचे ४० मिळवले, म्हणजे ५६०. दुसरा १२० वरून निघाला, चार मिनिटांत खाली आला आणि लँडिंग मात्र ४५ चं केलं, म्हणजे २२५. त्याला मिळाले ४०२. एका राउंडमध्ये जवळजवळ सहाशे गुणांचा खड्डा, आणि तो नंतरच्या शांत राउंडमध्ये चोवीस-चोवीस गुणांनी भरून निघत नाही. एरवी पुरेसे राउंड झाले की सगळ्यात वाईट राउंड वगळतात. पण पाऊस आला की राउंडच कमी होतात, वगळायला काही उरत नाही. म्हणजे स्पर्धा ठरते ती याच राउंडमध्ये, आणि तू नेमका तिथेच घरी बसायचं म्हणतोयस.

बरं, आता कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे उंचीची हाव सोड. कमी उंचीवरून निघायची हाव म्हणतोय मी. शांत हवेत ५० मीटरवर मोटर बंद करणं ही तुझी शान आहे, मला माहीत आहे. वाऱ्यात १५० मीटर गेलास तर ७५ गुण जातात. जाऊ देत. ग्रुपमध्ये बाकीचेही जाणार आहेत, आणि जे जाणार नाहीत त्यांच्यातले निम्मे लवकर खाली येतील. २०० ची रेघ मात्र सांभाळ. २२० झाले की १०० आणि वरचे ६० असे १६० गुण उडाले. आणि एक बारीक गोष्ट आहे, ती माणसं विसरतात. अल्टिमीटर, म्हणजे मॉडेलमधला उंची मोजणारा, मोटर बंद झाल्यानंतरची १० सेकंदंही धरतो. नाक वर, वेग भरपूर आणि समोरून झोत आला, तर मोटर बंद असतानाही मॉडेल सहज पंधरा-वीस मीटर वर उचललं जातं, आणि ते तुझ्याच खात्यावर लागतं. म्हणून मोटर बंद करायच्या आधीच नाक खाली घे. त्या दहा सेकंदांत वर जायचं नाही, पुढे जायचं, वाऱ्याच्या तोंडाकडे, जमेल तितकं लांब.

दुसरं, बॅलास्ट, म्हणजे मॉडेलमध्ये मुद्दाम घातलेलं जादा वजन. तुझा वजन घालायला असलेला विरोध मला आजवर समजलेला नाही. "हलकं मॉडेल जास्त तरंगतं," हे खरं, पण तरंगत तरंगत कुठे जातं? मागच्या झाडीत! वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तुझं मॉडेल १४०० ग्रॅमचं. त्यात ३०० ग्रॅम घातलेस की वेग साधारण दहा टक्के वाढतो. म्हणजे ८ मीटर प्रति सेकंदानं छान सरकणारं मॉडेल ८.८ नं तसंच सरकेल. खाली येण्याचा वेगही तेवढाच वाढतो, पण तेवढ्याच उंचीत हवेतून कापायचं अंतर तेच राहतं. आता समोरून ८ चा वारा धर. रिकामं मॉडेल जागच्या जागी उभं, भरलेलं मुंगीच्या पावलानं का होईना पण पुढे. वजन बरोबर गुरुत्वमध्यावर बसलं पाहिजे, एवढंच बघ. नाही तर नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरचा ट्रिम बदलत बसशील आणि वाऱ्याला शिव्या घालशील.

वजन घालूनही वेग पुरत नसेल तर फ्लॅप आणि एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, दोन्ही मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर घे. ते हातातल्या ट्रान्समीटरच्या एका स्विचवर ठेव, मेनूमध्ये शोधायला लावू नकोस.

तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण वाऱ्यातले बहुतेक शून्य तिथेच मिळतात. वाऱ्यात थर्मल, म्हणजे वर चढणारी ऊबदार हवा, जागेवर राहत नाही. ते वाऱ्याबरोबर वाहतं आणि तूही त्यात गोल गोल फिरत मागे मागे जातोस. वर चढतोयस म्हणून मन खुशीत असतं. हिशोब करून बघू. वारा ६ मीटर प्रति सेकंदाचा, दोन मिनिटं थर्मलमध्ये घोटाळलास, म्हणजे ७२० मीटर मागे गेलास. परत यायचंय. सगळ्यात कमी उंची गमावणाऱ्या वेगानं, समज ९ नं निघालास, तर जमिनीवरून पुढे सरकतोस फक्त ३ नं. २४० सेकंद लागतात. सेकंदाला ६० सेंटिमीटर खाली येत असशील तर १४४ मीटर उंची संपते. तेच नाक दाबून १४ नं आलास तर खाली येण्याचा वेग दुप्पट, १.२ झाला तरी पुढे सरकतोस ८ नं. ९० सेकंदांत पोचतोस आणि १०८ मीटरच खर्च होतात. उंची वाचवायला हळू उडायचं ही शांत हवेतली सवय इथे उलटी फिरते. परतीच्या वाटेवर खाली बसणारी हवा लागली तर आणखी दाब, तिथे रेंगाळू नकोस. ठरलेल्या जागेपासून ७५ मीटरच्या बाहेर मॉडेल थांबलं तर सगळं उड्डाणच शून्य, मग तू आधी नऊ मिनिटं कितीही सुंदर उडव.

आणि वाऱ्याच्या दिशेनं जाताना डोळा फसतो. मॉडेल भन्नाट वेगानं जाताना दिसतं, हात आपोआप ट्रान्समीटरची काठी मागे ओढतो. मॉडेलला मात्र हवेतला वेग कळतो, जमिनीवरचा नाही. खाली, जमिनीजवळ हे केलंस तर स्टॉल, म्हणजे वेग संपून मॉडेल कोसळतं. वरून खाली येताना वारा कमी कमी होत जातो, म्हणून शेवटच्या वीस मीटरमध्येही समोरचा वारा एकदम ओसरतो आणि मॉडेलचा जीव जातो. तिथे नेहमीपेक्षा जास्त वेग ठेव आणि फ्लॅप उशिरा टाक.

थर्मल शोधायचं कसं, हे तुला मी शिकवायला नको. फक्त वाऱ्यात खुणा छोट्या असतात. खांबावरची रिबीन क्षणभर लोंबली, मानेवरचा वारा मंदावला आणि हवा किंचित ऊबदार वाटली, तर वाऱ्याकडच्या बाजूला काहीतरी येतंय. मग वारा एकदम जोर धरतो, तेव्हा ते डोक्यावरून मागे गेलेलं असतं आणि खालची हवा स्वतःकडे ओढत असतं. शांत दिवशी माणसं याच्याही मागे धावतात. वाऱ्यात मागे गेलेल्या थर्मलकडे बघूही नकोस, पुढचं येईपर्यंत समोर टिकून राहा. हे ऐकायला सोपं आहे. सगळे मागे पळत असताना एकट्यानं समोर उभं राहायला छाती लागते. घारी तिकडे गेल्या तरी त्यांना परत येऊन ७५ मीटरच्या आत उतरायचं नसतं, हे लक्षात ठेव.

तू उताराच्या स्पर्धेबद्दलही विचारलंयस. एफ३एफ, म्हणजे उतारावर बिनमोटरच्या ग्लायडरची वेळेशी शर्यत, हा माझा जीव की प्राण, त्यामुळे मी निष्पक्ष बोलणार नाही. तिथे वारा लागतोच. ३ मीटर प्रति सेकंदाच्या खाली आणि २५ च्या वर स्पर्धा थांबवतात, आणि २५ म्हणजे ताशी ९० किलोमीटर. एफ५जेत ती मर्यादा १२ आहे. वारा उताराच्या काटकोनापासून ४५ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला तरीही थांबवतात. १०० मीटरचा पट्टा, दहा फेऱ्या, एकूण एक किलोमीटर. मॉडेल सोडल्यापासून पट्ट्यात शिरायला ३० सेकंद. ते तीस सेकंद मला सगळ्यात आवडतात. तेवढ्यात जमेल तेवढी उंची जमवायची, आणि मग ती उंची वेगात ओतत पट्ट्यात घुसायचं. प्रत्येक टोकाला बझर वाजेपर्यंत वळायचं नाही, आणि वाजल्यावर एक क्षणही थांबायचं नाही. मॉडेल गच्च वजनानं भरलेलं असतं, वळणावर पंख वाकलेले दिसतात, आवाज तर असा येतो की पोटात खड्डा पडतो. ३० सेकंदांच्या आसपास दहा फेऱ्या काढणारे लोक आहेत. त्यांना समोरासमोर बघितलंस की वाऱ्याबद्दलची तक्रार गिळशील.

तुझ्या लॉटरीच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेल तर ते इथे आहे. एफ५जेमध्ये पूर्ण ग्रुप एकाच वेळी हवेत असतो, सगळ्यांना तीच हवा. उतारावर एका वेळी एकच जण उडतो. तुझ्या आधीच्याच्या वेळी दरीतून थर्मल वर आलं, तुझ्या वेळी ढगाची सावली पडली, तर दोन-तीन सेकंद असेच गेले. त्याला इलाज नाही. पण राउंड पुष्कळ होतात, आणि मॉडेल जमिनीपासून किती दूर ठेवायचं, किती वजन घालायचं, उभं वळायचं की सपाट, हे दर राउंडला तुलाच ठरवायचं असतं.

उतारावर भीती बाळगायची ती उतरण्याची. कड्याच्या मागे हवा लाटेसारखी उलटी कोसळते आणि मॉडेल खाली आपटतं. ही तीच जागा, जिथे डायनॅमिक सोअरिंगवाले, म्हणजे वाऱ्याच्या थरांतल्या फरकातून वेग मिळवणारे, मुद्दाम घुसतात. पक्षी वाऱ्याच्या दोन थरांतल्या फरकावर कसे उडत राहतात हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं. मॉडेल ग्लायडरनं कड्यामागे तेच करायचं वेड ग्लायडर पायलट जो वुर्ट्झ यांनी १९९० च्या दशकात लावलं. तू आणि मी तिथून लांबच राहू. पहिल्या राउंडच्या आधी पायी फिरून उतरायची जागा बघ, आणि इतर दोघं-तिघं कसे उतरतात ते बघितल्याशिवाय मॉडेल सोडू नकोस.

पावसाचं थोडक्यात. पंखावर थेंब बसले की हवेचा गुळगुळीत प्रवाह मोडतो आणि मॉडेल दगडासारखं वाटायला लागतं, म्हणून उड्डाणाआधी शेवटच्या मिनिटाला कापडानं पुसायचं. ट्रान्समीटरला हात घालता येईल अशी पारदर्शक पिशवी घे. बोटं गारठली की काठीचा अंदाजच जातो, मी तर एक राउंड संपला की हात खिशातून काढत नाही. मोटरची लिपो बॅटरीही खिशातच ठेव. थंड बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, मोटरला जोर कमी मिळतो, आणि एफ५जेत मोटर चालवायला मिळणाऱ्या तीस सेकंदांत तुला हवी ती उंची गाठता येत नाही. जोडलेलं मॉडेल जमिनीवर सोडून चहाला जाऊ नकोस. झोतानं उचललेलं मॉडेल दुसऱ्याच्या मॉडेलवर पडतं, आणि मग मैत्रीची परीक्षा होते.

आता हेल्परचं. मी येतोय, हे गृहीत धर. मी तुला उडवायला शिकवणार नाही. दर मिनिटाला उरलेली वेळ सांगेन, शेवटच्या मिनिटात दहा-दहा सेकंदांनी, आणि शेवटचे दहा मोजून. बाकी कोण कुठे चढतंय ते सांगेन, आणि रिबीन वळली की सांगेन. "परत ये" असं मी म्हणालो की वाद घालायचा नाही, कारण तू वर बघत असतोस आणि मागची झाडी मला दिसत असते. लँडिंगच्या वेळी मात्र मी गप्प.

तर मग एवढं कर. तुझ्याकडे वजनाचे किती तुकडे आहेत, कुठल्या धातूचे आहेत आणि ते पंखाच्या जोडनळीत बसतात की धडात, हे लगेच कळव. कमी असतील तर माझ्याकडचे शिशाचे घेऊन येतो, पण माप जुळलं पाहिजे. आणि गुरुत्वमध्याची खूण पंखाखाली पेनानं करून ठेव. गेल्या वेळी ती शोधण्यात आपण सबंध एक राउंड घालवला होता.

तुझा,
नेहमीचा हेल्पर