आता तिथे बोट लावणं बंद कर

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. माझं एक वाक्य होईपर्यंत तुझी पाच, त्यातली निम्मी गूगलवरची. म्हणून लिहायला बसले. मधे तोडता येत नाही, हा पत्राचा फायदा.

टॉर्च लावून काढलेले फोटो मिळाले. त्यात पडजीभ दिसते, जिभेवरचा पांढरा थर दिसतो, तिरकी आलेली अक्कलदाढसुद्धा दिसते. गाठ मात्र दिसत नाही. डावीकडे टॉन्सिलच्या जागी बोट दाबलं की काहीतरी टणक, टोकदार लागतं, उजवीकडे तसं नाही, दुखत नाही, गिळताना किंचित जाणवतं, एवढं तू सांगितलंस. वरची कातडी गुलाबी आहे, गुळगुळीत आहे, कुठे व्रण किंवा पांढरा चट्टा नाही, एवढं मला फोटोत दिसलं. फोटोवरून याच्या पुढे जाता येत नाही. तो टणकपणा डॉक्टरांच्या बोटालाच कळणार.

मी डॉक्टर नाही, हे तू मला अधूनमधून ऐकवत असतोसच. पण मिरजेच्या ओपीडीत कान-नाक-घशाच्या टेबलाशेजारी उभी राहून माझी नोकरी गेली. डॉक्टर कपाळाला आरसा बांधणार, मी स्पिरिटच्या दिव्यावर छोटा आरसा गरम करून हातात देणार, पेशंटची जीभ गॉजमध्ये धरून ‘ई म्हणा’ म्हणायचं. अथणी-चिकोडीकडून आलेल्यांना तेच कानडीत. तेवढी कानडी मला अजून येते. त्या टेबलावर ‘घशात कायतरी कडक लागतंय’ म्हणत येणारे पुष्कळ असायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सापडलेली वस्तू जन्मापासून तिथेच असायची. कोणी जिभेच्या मुळाशी असलेले मोठे दाणे आरशात पाहून घाबरलेला. ते आठ-दहा दाणे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, चवीचे. कोणाला घशाच्या मागच्या भिंतीवर मधोमध हाड लागलेलं. तो मानेचा मणका, घशाच्या बरोब्बर मागेच असतो. कोणाच्या टॉन्सिलच्या खाचेत पांढरा-पिवळा खडा अडकलेला. तो फोडला तर असा वास येतो की खोलीत उभं राहवत नाही, पण धोका काही नसतो.

तुझं यातलं काहीच नसावं. टॉन्सिलमध्ये खडा व्हायला आधी टॉन्सिल तर हवेत. दुसरीत असताना तुझे काढले, आठवतंय ना? तुला त्यातलं फक्त आइस्क्रीम आठवत असेल. मी तुला आवंढा गिळायला लावत रात्र काढली होती. त्या ऑपरेशनमुळेच मला आता एका हाडाचा संशय येतोय.

कानाच्या खाली कवटीपासून एक बारीक हाड खाली-पुढे लोंबतं, विणायच्या सुईसारखं. त्याला स्टायलॉइड म्हणतात. साधारण अडीच सेंटीमीटर लांब. त्याच्या टोकापासून गळ्यातल्या हायॉइड हाडापर्यंत एक दोरी जाते. काहींचं हे हाडच लांब वाढतं, काहींच्या दोरीत चुना साठून तीच हाडासारखी कडक होते. टोक मग टॉन्सिलच्या खळग्यापर्यंत पोचतं. टॉन्सिल जागेवर असले तर ते झाकलेलं राहतं. काढले असतील तर मधे स्नायूचा पातळ पडदा तेवढा उरतो आणि बोटाला थेट टोक लागतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या ईगल नावाच्या डॉक्टरांनी १९३७ साली हे लिहून ठेवलं, म्हणून त्रास झाला तर त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. त्यांचा अंदाज होता की शंभरात चारेक जणांचं हे हाड लांब असतं, आणि त्यातल्याही अगदी थोड्यांना काही त्रास होतो. बाकीच्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तुला लागला, कारण ब्रश करताना ठसका आला आणि तू बोट घालून बघायला गेलास.

त्रास ज्यांना होतो त्यांचे हाल मात्र मी पाहिलेत. एक मास्तर यायचे, जतकडचे. मान वळवून फळ्याकडे बघितलं की घशातून कानात कळ जायची. कानाला ड्रॉप घालून झाले, डाव्या बाजूच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या, शेवटी ‘मनाचं आहे’ म्हणून झोपेच्या गोळ्याही झाल्या. आमच्या मोठ्या सरांनी हातमोजा चढवून त्या खळग्यात बोट दाबलं मात्र, मास्तर खुर्चीतून उठले. ‘हेच! हेच ते!’ त्यांना दुखलं होतं, तरी चेहऱ्यावर आनंद होता. तिथे भुलीचं इंजेक्शन दिल्यावर कळ थांबली, म्हणजे दुखणं तिथलंच हे नक्की झालं. पुढे तोंडातूनच ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढला. काहींचा मानेतून काढावा लागतो. तुला दुखत नाही, तेव्हा सुरीचा विचार डोक्यातून काढ. हाड लांब आहे एवढ्यासाठी कोणी कापत नाही.

आता तुला न आवडणारा भाग.

हे हाड आहे असं मला वाटतं. वाटण्यावर मी ओपीडीत कधी कोणाला घरी पाठवलं नाही, तुलाही पाठवणार नाही. एकाच बाजूला लागणारी टणक गोष्ट तीन आठवडे झाले तरी तशीच असेल तर ती दाखवायची, दुखो वा न दुखो. तुला दिवाळीपासून लागतेय. न दुखणाऱ्या गाठीला माणूस उगाच माफ करतो. तिथे वाईट गाठ असली तर सुरुवातीला ती दुखत नाहीच बऱ्याचदा. डॉक्टर विचारतील ते आत्ताच मनाशी बघून ठेव: बाहेरून मानेत काही लागतं का, कान दुखतो का, आवाज बसलाय का, थुंकीत रक्त दिसलं का, वजन उतरलंय का. बोटाखाली ठोके लागत असतील तर तेही सांग. मानेतली मोठी रक्तवाहिनी कधीकधी वळण घेऊन घशाच्या भिंतीपाशी येते, तिथे सुई घालायची नसते.

आणि ते तंबाखूचं विचारतील.

आमच्याकडे एक ट्रकवाला आलेला, शेजारी बायको. सरांनी विचारलं, ‘तंबाखू, गुटखा काही?’ तो ‘नाही’ म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. मी तिला म्हटलं, ‘ताई, केसपेपरवर शिक्का राहिलाय, तेवढा मारून आणा.’ शिक्का आधीच मारलेला होता. ती दाराबाहेर जाताच याने मान खाली घालून सगळं सांगितलं, किती पुड्या, केव्हापासून. सरांनी लगेच जीभ आणि टॉन्सिलच्या मधली खाच नीट चाचपली, तुकडा तपासायला पाठवला. ‘नाही’वर विश्वास ठेवला असता तर कदाचित गुळण्याचं औषध देऊन पाठवलं असतं. पुढे मी तो शिक्क्याचा बहाणा पुष्कळदा वापरला.

दिवाळीत तुझी सॅक धुवायला काढली तेव्हा तळाशी प्लास्टिकचा चुरगळलेला कागद होता. चुन्याचा वास आणि ओल्या सुपारीचा बारीक चुरा. आपल्या भागातल्या बाईला तंबाखू-सुपारीचा मावा ओळखायला नर्स असावं लागत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर मावा घोटून मिळतो तो मिळतोच. मी कागद टाकून दिला, तुला विचारलं नाही. आताही विचारत नाही. तो मित्राचा असेल, तुझा असेल, एकदाच खाल्ला असशील, रोज खात असशील. मला सांगू नकोस. मला सांगायचं म्हटलंस तर तू कमी करून सांगशील, मग डॉक्टरांनाही तोच आकडा सांगशील. त्यांना खरा सांग. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ असंही म्हणू नकोस. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००३ सालीच जाहीर केलंय. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघ. सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर तेही सांग.

म्हणून म्हणते, एकटा जा. बाबांना पुण्याला यायचंय, ‘सोबत हवी पोराला’ म्हणून रिझर्वेशन बघतायत. त्यांना मी थोपवते. बाप शेजारी बसला की तूही त्या ट्रकवाल्यासारखा इकडेतिकडे बघशील.

गेल्या वर्षी दाढेसाठी तू तोंडाचा मोठा एक्स-रे काढला होतास, डोक्याभोवती मशीन फिरतं तो, ओपीजी. तो घेऊन जा. जबड्याच्या मागे दोन्हीकडे हे स्टायलॉइड त्यात येतं; दाढ बघणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही एवढंच. डावं लांब दिसलं तर निम्मं काम झालं. नेमकं माप हवं असेल तर सीटी सांगतील. तो काढायचा की नाही हे त्यांनी बोट लावून ठरवावं. तू आधीच लॅबमध्ये जाऊन पैसे भरून येऊ नकोस, तुझी ती सवय आहे. टॉन्सिलच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड माझ्या फाइलमध्ये सापडलं, फोटो पाठवते.

तोपर्यंत तिथे बोट लावणं बंद. दिवसातून दहा वेळा चाचपलंस तर सूज येईल, मग सूज म्हणजे ‘वाढली’ असं वाटेल, मग रात्री दोनला मला फोन. नखं तरी कापलीयस का?

शनिवारी सकाळची वेळ घे. आणि त्या चौकातली मिसळ हाणून जाऊ नकोस. घशात बोट गेलं की उमासा येतो, आणि ते सगळं अंगावर कोणाच्या येतं हे मला चांगलं माहीत आहे. जाताना हलकं काहीतरी खा, निघालास की फोन कर.

तुझी,
आई