खुर्ची द्या, पण आधी न्हाणीचं दार मोजा

मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत, हे बघणं माझं काम. गावात गेले की "म्हणजे मालीशवाल्या का?" असं विचारतात. आता सवय झालीय.

कोकणातल्या एका वाडीत आंब्यावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला चाळिशीतला गडी आहे. साहित्य वाटपाच्या शिबिरात त्याला व्हीलचेअर मिळाली, फोटो निघाला. मी गेले तेव्हा तिच्यावर भाताचं पोतं होतं. खुर्ची चाकांसकट २६ इंच, न्हाणीचं दार २४. पुढच्या दाराशी सहा इंचांची पायरी, म्हणजे १:१२ च्या (उंचीच्या बारापट लांबी) हिशेबानं सहा फुटांचा उतार हवा. अंगणात जागा होती, सांगणारं कुणी नव्हतं. खुर्चीसोबत गादीही नव्हती. संवेदना गेलेला माणूस नुसत्या रेक्झिनवर तासन्‌तास बसला की कातडी सडायला लागते आणि त्याला कळतही नाही. याची जखम भरायला तीन महिने गेले, तेही पालथं पडून.

"आधी काय जमायला हवं?" मी विचारलं.

"संडासला जाताना आईला हाक मारायला नको."

मग सुताराकडून दारातून आत जाईल असा बाक करून घेतला. खुर्ची दाराशी लावून हातांच्या जोरावर त्यावर सरकायचं, हे शिकायला त्याला पाच आठवडे लागले. पुन्हा जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, तेवढं मात्र तो विसरतो. आई चुलीपासून ओरडते. आता ओटीवर बसून सायकलींची पंक्चरं काढतो.

साहेब, यात महागडं काय होतं? एक बाक, एक गादी, चार घमेली सिमेंट आणि घर बघायला आलेलं माणूस. कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. एवढ्या वर्षांनीही माझ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आमचं एक पद नाही.

तेव्हा मागणी एवढीच: दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची एडिप योजना असो वा राज्याची, व्हीलचेअर मंजूर करताना घरभेटीचा अहवाल सक्तीचा करा. त्यात दाराची रुंदी, पायरीची उंची, संडासाची सोय आणि त्या माणसाला स्वतः काय करायचंय, हे लिहिलेलं असू द्या. अहवाल लिहायला प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमा आणि प्रवासभत्ता द्या. वाडीपर्यंत एसटी जात नाही.

आपली,
घरोघरी टेप घेऊन फिरणारी एक थेरपिस्ट