गुरगुरू दे त्याला

सातारा,
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू तुझा कुत्रा ब्रुनो चावल्याचं आणि ट्रेनरनं दिलेल्या सल्ल्याचं सांगितलंस, तेव्हा त्या सल्ल्यावर मी नुसतं ‘हो-हो, बघू’ करत राहिलो, कारण घरात पाहुणे होते आणि जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

हाताबद्दल तुला फोनवरच शिव्या घातल्यात, म्हणून पुन्हा घालत नाही. वहिनींचा मेसेज आला की तू दवाखान्यात जाऊन आलास. हळद लावून बसला होतास म्हणे! ब्रुनोला रेबीजची लस दिलेली असली तरी चावा तो चावाच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तसंच उठून दवाखाना गाठायचा. पहिलं इंजेक्शन घेतलं की माणसं सुटल्यासारखी वागतात. तू तसं करू नकोस. पुढच्या तारखांचं कार्ड फ्रिजवर चिकटव आणि ब्रुनोवर दहा दिवस नीट लक्ष ठेव. माझ्या वेळी दोन्ही दंडांवर टोचलं होतं, त्या दिवशी आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, शिवाय जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. सीरमचं दुखणं चाव्यापेक्षा वाईट, हे आता तुलाही कळलं असेल. टाके घातले नाहीत म्हणून मी डॉक्टरांवर चिडलो होतो. ते म्हणाले, कुत्र्याच्या चाव्याला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, घाण आत कोंडते.

होय, ‘माझ्या वेळी’. मनगटावरचा तो वण गाडीच्या सायलेन्सरचा आहे, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. तुलाही. तो आमच्या कुत्र्यानं, काळूनं, घेतलेला चावा आहे.

झालं असं. काळू चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या ताटलीत हात घातला तरी तो शेपूट हलवायचा. त्या पावसाळ्यात गुरगुरायला लागला. पट्टा घालताना, डोक्यावरून हात फिरवताना, एकदा सोनूनं गळ्यात हात टाकल्यावर. कॉलनीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला, तुझ्या त्या ट्रेनरनं दिलाय तोच: मालक कोण ते दाखवा, उताणा पाडून धरा, नजर खाली घालेपर्यंत सोडू नका. मी वर्तमानपत्राची सुरळी करून ठेवली. एकदा चप्पलही उचलली. आई म्हणायची, अरे, दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर ते, मारू नये. मी म्हटलं, आई, हा दत्ताच्या पायाशी नाही, माझ्या सोफ्यावर बसतो.

तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं. मी कट्ट्यावर मिरवलं.

मग एका रात्री, साडेनऊची वेळ, बाहेर धो-धो पाऊस, शेवटचं फिरवून आणायचं म्हणून मी पट्टा घेऊन वाकलो. त्यानं आवाज केला नाही, ओठसुद्धा वर केला नाही. माझं बोट कानाच्या मुळाशी लागलं मात्र, मनगट त्याच्या तोंडात होतं. सोडल्यावर तो कपाटामागच्या फटीत शिरला, थरथरत उभा राहिला आणि जागच्या जागी मुतला. कुरघोडी करणारा कुत्रा असा मुतत नाही रे.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी हातच लावला नाही. किती दिवसांपासून, काय करताना, कुठे हात लागल्यावर, एवढंच विचारत राहिल्या. मग भूल देऊन कान उलटा केला. आत तपकिरी चिकटा, आंबलेल्या ताकासारखा वास. लॅब्रेडोरच्या जातीचे पडके कान, त्यात साताऱ्याचा पाऊस. हवा लागत नाही, ओल सुटत नाही, संसर्ग आत आत जातो. ‘एवढं दुखत असताना यानं आधी काहीच सांगितलं नाही?’ बाईंनी विचारलं. मी मान हलवली. सांगत होता, ते मीच सुरळीनं बंद केलं, हे बोलायचं धाडस झालं नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं: ब्रुनोला ट्रेनरकडे नेण्याआधी डॉक्टरकडे ने. कान, दात, कंबर, मागच्या पायांचे सांधे. तू म्हणालास सोफ्यावरून उठवताना चावला. सोफ्यासाठी चावला, की उठताना कंबर दुखली म्हणून चावला? एवढ्या मोठ्या जातीच्या कुत्र्यात हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि दुसरं, मोबाइल काढ आणि ब्रुनोचे जुने व्हिडिओ बघ. आपल्याला वाटतं तो ‘अचानक’ चावला. चावण्याच्या दोन दिवस आधी सोनूच्या वाढदिवसाचा व्हिडिओ काढला होता, तो मी नंतर पाहिला. सगळी पोरं काळूला कवटाळून बसलेली. काळूचं तोंड मिटलेलं, अंग लाकडासारखं ताठ, मान दुसरीकडे वळवलेली, जीभ नाकावरून दोनदा फिरते, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. मागे बायकोचा आवाज येतो, ‘बघा किती शांत बसलाय!’ तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही.

तुझ्या ट्रेनरचं ते लांडग्यांचं पुराण मीही ऐकलंय: कळपात राजा कोण याची सतत लढाई चालते, कुत्राही तसाच, म्हणून त्याला दाबून ठेवा. त्याचं मूळ मी नंतर शोधलं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसानं एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून ते मांडलं. डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकन अभ्यासकानं १९७० मध्ये ते लोकांपर्यंत नेलं. पुढे याच डेव्हिड मीचनं कॅनडाच्या उत्तर टोकाला मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, सिंहासनाची लढाई नव्हे. आपलंच म्हणणं भर बाजारात मागे घेणारा माणूस मला फार आवडतो. मी सायलेन्सरची थाप मागे घ्यायला पाच वर्षं लावली. आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या मालकांना विचारून पाहिलं, तर मारलं किंवा लाथ घातली तेव्हा ४३ टक्के कुत्री उलटली होती, उताणं पाडलं तेव्हा ३१ टक्के. तीही आधीच वागण्याची तक्रार घेऊन आलेली कुत्री, म्हणजे ब्रुनोसारखीच. त्या ट्रेनरचे पैसे बुडाले तर बुडू देत.

काळूचा कान दीड महिन्यात बरा झाला. भीती नाही झाली. पट्टा नुसता खुंटीवरून काढला तरी तो कपाटामागे. मग उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करून ठेवायला लागलो. पट्टा हातात घेतला की तुकडा. जमिनीवर ठेवला की तुकडा. खांद्याला बोट लावलं, तुकडा. तो ताठ झाला की त्या दिवसाचं दुकान बंद. कानापर्यंत हात पोचायला पाच महिने लागले, आणि मध्ये एकदा मी घाई केली तेव्हा तीन आठवडे मागे गेलो. बायको म्हणायची, एवढं चिकन कधी मला नाही खिलवलंत.

सोफ्याचं त्यामानानं सोपं आहे. पट्ट्याला धरून ओढायचं नाही, कधीच नाही. चार हात लांब बिस्किट टाक, तो उतरेल, मग शाबासकी. तू घरात नसताना त्या खोलीचं दारच लाव. तोंडात मोजा घेऊन बसला तर हिसकावू नकोस, अदलाबदल कर. ताटलीजवळून जाताना त्यातलं काही काढायच्या ऐवजी चांगलं काही टाकून पुढे जा. आपली पावलं वाजली की काहीतरी मिळतं, जात नाही, हे त्याला पटायला हवं. आणि मुसकं शिकव. कापडी पट्टीचं नको, जाळीचं घे, म्हणजे त्याला धापता येईल, पाणी पिता येईल. आत लोणी लावायचं आणि नुसतं समोर धरायचं. काळू आता मुसकं दिसलं की स्वतःच तोंड घालतो, जणू वाटी आहे.

तुझ्या सासूबाईंचं ‘शेतावर सोडून द्या’ मला कळतं, घाबरल्यात त्या. पण कुत्रा सोडून देणं म्हणजे तो दुसऱ्या कुणाला तरी चावणार, आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे. मात्र परीला आणि ब्रुनोला एका खोलीत एकटं ठेवू नकोस, अंघोळीला जातानासुद्धा. यात मी हट्टी आहे. सगळी तपासणी झाली, महिनोन्महिने मेहनत केली आणि तरी तो कारण नसताना खोल चावे घेत राहिला, तर डॉक्टरांशी बसून वेगळा विचार करावा लागेल. तेव्हा मी तुला नावं ठेवणार नाही, नाशिकला येऊन तुझ्याशेजारी बसेन. पण आज ते बोलायची वेळ नाही. आज कान तपास.

काळू आता नऊ वर्षांचा आहे. पावसाळ्यात कान अजून फुटतो. काल रात्री थेंब घालताना तो गुरगुरला, अगदी हळू, घशातल्या घशात. मी बाटली खाली ठेवली. सोनू म्हणाला, ‘बाबा, थांब म्हणतोय तो.’ आम्ही थांबलो. पाचेक मिनिटांनी त्यानंच येऊन माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं, दुखरा कान वर करून.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. वहिनींना नमस्कार, परीला पापा.

तुझा,
अव्या

ता. क. वण सायलेन्सरचा आहे असंच बाकीच्यांना वाटू दे. गण्याला कळलं तर पुढची दहा वर्षं खैर नाही.