काजवा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, अर्णव हल्ली सारखे डोळे मिचकावतो. त्यालाही आईसारखंच होतंय का?" मी "छे गं" म्हणून मोकळा झालो, पण तुझ्या "बरं"मध्ये काही बरं नव्हतं. म्हणून आज नीट लिहायला बसलो.

तुझ्या आईचा आजार तू लांबून पाहिलास. छप्पन्नाव्या वर्षी तो सुरू झाला नुसत्या मिचमिचण्याने. दीड वर्ष आम्ही "डोळे कोरडे पडलेत" यावरच अडून होतो, थेंब घालत होतो. मग डोळे आपोआप घट्ट मिटायला लागले. रस्ता ओलांडताना एका बोटाने पापणी वर धरून चालायची. एक गंमत मात्र होती. गुणगुणायला लागली की डोळे उघडे राहायचे. मला वाटायचं, स्वारी खुशीत आहे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात असं होतं. कुणी गुणगुणतं, कुणी भुवईला बोट लावतं, कुणी काहीतरी चघळतं, आणि तेवढ्यापुरती पकड सुटते. बिचारी डोळे उघडायला गात होती आणि मी दाद देत होतो.

याला ब्लेफॅरोस्पाझम म्हणतात. डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूला मेंदूकडून नको तेव्हा आवळण्याचे हुकूम सुटतात. बहुतेकांना चाळिशी-पन्नाशीनंतर होतो, बायकांना जास्त. पापणीभोवती बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची, बारीक इंजेक्शनं देतात, तीन-एक महिने आराम पडतो, मग पुन्हा. (अमेरिकेत १९८९ साली या औषधाला मान्यता मिळाली ती हा आजार आणि तिरळेपणा यांसाठी. दोन भुवयांमधल्या सुरकुत्यांची पाळी २००२ मध्ये आली.) सात वर्षांच्या पोरात हा आजार शोधत बसू नकोस.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्णव ठोकळे रचत होता तेव्हा मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटात ३४. मोठ्या माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, लहान मुलांची सहसा त्याहून कमी. म्हणजे तुझं म्हणणं खरं आहे. पण मला आणखी एक दिसलं. तो तळहाताने नाक खालून वर चोळतो, आणि नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ उमटलीय. ॲलर्जी असलेल्या मुलांना अशी रेघ पडते. डोळे खाजले की मूल मिचकावणारच. माझा पहिला संशय तिथे आहे.

पण माझ्या संशयावर दुकानातून थेंब आणू नकोस. खाज थांबवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं; लगेच बरं वाटतं, पण देखरेखीशिवाय घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. ते पापणी उलटून बघतील, एखादा केस आत वळून टोचतोय का, कण अडकलाय का, पापणीच्या कडेला कोंडा साचलाय का. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासतील. मुलांचा नंबर त्याशिवाय नीट कळत नाही. उन्हात तो एकच डोळा मिटतो का, हे तू पाहून ठेव आणि सांग. अधूनमधून बाहेर सरकणाऱ्या तिरळेपणात मुलं तसं करतात. टॅबचं त्यांनी विचारलं तर खरं सांग. पडद्याकडे टक लावली की पापण्या लवायच्या विसरतात, डोळा सुकतो, आणि मग त्याची भरपाई सुरू होते.

डोळ्यात काहीच सापडलं नाही तर ती बहुधा टिक असेल, म्हणजे नकळत पुन्हा पुन्हा होणारी झटक्यासारखी हालचाल. या वयात, त्यातही मुलग्यांत, ती पुष्कळ दिसते. दमलं, धास्तावलं की वाढते, कधी महिनाभर गायब होते, आणि बऱ्याचदा काही महिन्यांत आपली आपण जाते. शिंक जशी थोडा वेळ दाबता येते तशीच ती दाबता येते, म्हणून आपल्याला वाटतं की पोरगं मुद्दाम करतंय. मान झटकणं, घसा खाकरणं असं काही सोबत दिसलं आणि वर्षभर टिकलं, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. त्यावर वर्तनोपचार आहेत. आणि बोलता बोलता मध्येच थांबून, पापण्या फडफडवत शून्यात बघत राहिला, हाक ऐकली नाही, तर थांबू नकोस. तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते. मी तिसरीत असताना असाच मिचकावायचो. वर्गात माझं नाव पडलं 'काजवा'. गुरुजीसुद्धा हजेरीला तेच म्हणायचे. घरी कुणी पाहुणे आले की आजी तुझी हळूच चिमटा काढायची, "डोळे नीट ठेव." मी डोळे ताणून बसायचो, पाणी यायचं, आणि पाहुणे गेले की दुप्पट मिचकावायचो. फळ्यावरचं दिसत नाही हे दीड वर्षांनी कळलं. चष्मा लागला, मिचकावणं निम्मं झालं. उरलेलं निम्मं त्या चिमट्यांचं होतं असं मला आजही वाटतं. शाळा बदलली, तिथे काजवा कुणाला माहीत नव्हता, आणि ते कधी गेलं मला कळलंही नाही.

रविवारी पाऊण तासात तू अर्णवला अकरा वेळा टोकलंस. तेही मोजलं, रागावू नकोस. दवाखान्यात नेशील तेव्हा आधी घरी तो खेळत असताना मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेव, त्याला न कळू देता. डॉक्टरांसमोर ही मुलं हटकून शहाण्यासारखी बसतात. शाळेतल्या बाईंनाही सांग, की लक्ष देऊ नका.

आईचं पुढचं इंजेक्शन येत्या गुरुवारी आहे. चार दिवस झाले, पुन्हा गुणगुणायला लागलीय.

तुझा,
बाबा