गडगा घालणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गावी नीट पोचलात ना? हे पत्र नातवाला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा. समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही हात झटकून गेटकडे चालायला लागता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

ती रात्र तुम्हाला आठवत असेल. दोनच्या सुमारास माझ्या माशांच्या काचेच्या टाकीत दगड कोसळला, धाडकन आवाज झाला आणि खालून तुमची हाक आली, "कसलो आवाज झालो?" काच फुटली नव्हती, एवढंच नशीब. सकाळी रात्रपाळी संपवून तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आलात, टाकीसमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "गडगो असो घालतत?" (वाचणाऱ्यांसाठी: गडगा म्हणजे चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत.)

चार फुटी टाकी, अडीचशे लिटर पाणी, आणि मी आधी वाळू पसरून तिच्यावर दगड मांडले होते. फोटोत छान दिसत होते. पण माझे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे, सिक्लिड कुळातले. तिथल्या खडकांत राहतात म्हणून त्यांना तिथल्या टोंगा भाषेत एम्बुना म्हणतात, आणि वाळू उपसणं हा त्यांचा उद्योगच. त्यांनी दगडाखालची वाळू काढली आणि माझा डोंगर बसला. ज्या दुकानातून मासे घेतले, तिथे कोणी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. खायला मात्र रक्तकिडे, म्हणजे लाल अळ्या, गळ्यात मारले. शेवाळ खरवडून जगणाऱ्या जातींना ते सोसत नाहीत. पोट फुगून दोन गेले.

त्या रविवारी तुमची सुट्टी होती. गावी जन्मभर गडगे घातलेले तुमचे हात माझ्या हॉलमध्ये राबले. मासे प्लास्टिकच्या पिंपात काढले, फिल्टर त्यातच चालू ठेवला. तो बंद पडला की त्यातले जिवाणू मरतात आणि माशांच्या घाणीतला अमोनिया तसाच साठतो. हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत समजावलं. तुम्ही "बरां" म्हणालात आणि दगड उलटसुलट करून बघत राहिलात.

कंपाउंडच्या दुरुस्तीतून उरलेले ते काळे दगड आपण घासून धुतले. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी, तिच्यावर थेट मोठे दगड, वाळू सगळ्यात शेवटी. "दगडाक आधी बैठक व्हयी." प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे, सांध्यावर सांधा येता कामा नये, हलला तर फटीत चीप, म्हणजे दगडाची कपची, मारायची. पाणी भरण्याआधी तुम्ही वरचा दगड तळव्याने दाबून बघितलात. दगड चिकटवायला मी सिलिकॉनची नळी आणून ठेवली होती. ती अजून तशीच पडून आहे.

भोकं बुजवू नका, हे सांगायला मी तोंड उघडलं तर तुम्हीच म्हणालात की गडग्यात साप, विंचू, मुंगूस सगळे राहतात, मग माशांना घर नको? एम्बुनांचा नर आपल्या कपारीपुढे दुसऱ्याला उभं करत नाही. आता आडोसे इतके झालेत की पाठलाग दोन दगडांपलीकडे जात नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आपल्या नळाला येतं ते तलावात साठलेलं पावसाचं मऊ पाणी; मलावीचं जड आणि क्षारयुक्त, पीएच ७.७ ते ८.६. काळा दगड पाण्यात काही सोडत नाही, म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घातलाय. हो, तुम्ही गावाहून पिशवी भरून आणलेलाच. खायचे मासे आलेत असं समजून मी ती उघडली होती, ते वहिनींना कळवू नका.

आणि बातमी. पिवळ्यांतली एक मादी जवळजवळ तीन आठवडे काही खात नव्हती, गाल फुगलेले. अंडी तोंडात धरून बसली होती. गेल्या मंगळवारी उजव्या कोपऱ्यात, तुम्ही मारलेल्या चिपांच्या मागे, नखाएवढी पिल्लं दिसली. मी अकरा मोजली, बायको म्हणते चौदा. मोठे मासे टपलेले असतात, पण त्या फटीत त्यांचं थोबाड शिरत नाही.

एक कबुली. काच पुसताना डावीकडचा वरचा दगड मी उचलला आणि परत ठेवला, तो आता डुगडुगतोय. चार वेळा फिरवून पाहिला, बसत नाही. सध्या खाली उतरवून ठेवलाय. गणपती झाले की मुंबईत येणार आहात ना? जेवायलाच या. मासे नाही करणार, पोरगी ऐकत नाही.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा