बाबांच्या ‘एका जागी टिक’ला उत्तर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘कधी लोकसंगीत, कधी ते चेलोवाले, कधी कॅबरे. एका जागी कधी टिकणार?’ घाईत उत्तर द्यायचा हा विषय नाही, म्हणून लिहिते आहे.

1829 मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी माझ्या या अकॉर्डियनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या वाद्यात एक बटण दाबलं की अख्खी कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, वाजायची. म्हणजे हे वाद्य जन्मलंच साथीसाठी. साथ कुणाची करायची, ते मात्र दर मैफलीत बदलतं आणि त्याबरोबर माझा हातही बदलतो.

लोकसंगीतात नाचणाऱ्यांचे पाय सांभाळायचे. बल्गेरियाची रुचेनित्सा ही नाचाची चाल सात मात्रांची. तुमचा रूपक ताल 3-2-2, ही 2-2-3, आणि इतकी जलद की मोजत बसलं तर हुकलंच. तो शेवटचा लांब ठोका भात्याच्या झटक्याने द्यावा लागतो, बोटांनी नाही.

चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांच्या मैफलीत (तुमचे ‘चेलोवाले’ तेच), हाच झटका दोष ठरतो. तिथे सगळ्यात आधी मी ट्रेमोलो बंद करते. एका सुराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन-तीन रीड (धातूच्या पट्ट्या) एकदम वाजून जी थरथर येते ती नाचाला शोभते, पण व्हायोलिनशेजारी सूर बिघडल्यासारखी वाटते. म्हणून एकच रीड ठेवायची. आपल्या पेटीसारखेच माझे सूर कारखान्यातून पक्के होऊन येतात, त्यामुळे तारवाद्यं माझ्याशी सूर जुळवून घेतात. ही मोठी जबाबदारी आहे. खर्जातली जाड रीड बोलायला क्षणभर उशीर लावते, म्हणून चेलोच्या (व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खर्जातल्या वाद्याच्या) गजाकडे बघत भाता अगदी जरासा आधी ओढावा लागतो. हे जमलं की दोन वाद्यांचा एकच सूर ऐकू येतो. माझ्या लेखी याहून मोठं सुख नाही. रशियन संगीतकार सोफिया गुबैदुलिना यांनी 1982 मध्ये चेलो, बयान (म्हणजे रशियन बटणांचं अकॉर्डियन) आणि तारवाद्यांसाठी ‘सेव्हन वर्ड्‌स’ लिहिलं. त्याआधीच्या ‘दे प्रोफुंदिस’मध्ये तर सूर न लावता नुसती हवा सोडायची जागा आहे. सभागृहात वाद्याचा श्वास ऐकू येतो. ते वाजवताना दर वेळी अंगावर काटा येतो.

कॅबरे म्हटल्यावर आई गप्प झाली, ते कळलं मला. आई, सिनेमातलं मनातून काढ. इथे छोटा रंगमंच असतो, गायिका गाण्यातून गोष्ट सांगते, सत्तेला टोचते. पुलंनी ज्यावरून ‘तीन पैशांचा तमाशा’ केला, ते बर्लिनचं 1928 चं नाटक याच वातावरणातलं. त्याच्या वाद्यमेळात अकॉर्डियनचा भाऊबंद बँडोनियन आहे. इथे शब्द राजा. गायिका एखाद्या शब्दावर रेंगाळली तर मीही थांबते, आणि तिने श्वास घेतला की तिथेच भात्याची दिशा पालटते, म्हणजे जोड ऐकू येत नाही. ही सवय मला कॅबरेने लावली आणि ती चेलोबरोबर रोज कामी येते. रुचेनित्साने लावलेली लय कॅबरेतल्या तीन मात्रांच्या वॉल्ट्झला उचलून धरते. यातलं एक सोडलं तर बाकीची दोन्ही कच्ची पडतील. म्हणून, बाबा, मी तिन्ही सोडणार नाही. पैशांची ओढाताण होते, हे खरंच आहे. पण सध्या कामं नियमित येताहेत.

आई, पाठीचं विचारत होतीस. वाद्य दहा-बारा किलोंचं आहे. दोन्ही खांद्यांचे पट्टे पाठीमागे जोडणारा आडवा पट्टा लावते, आणि चेंबरचं सगळं बसूनच वाजवते. आता दुखत नाही.

रेकॉर्डिंग पाठवते आहे. चेलोबरोबरचं आधी ऐका, आणि हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही. बाबा, तुम्हाला काय खटकलं ते स्पष्ट कळवा.

तुमची,
ताई