तुझा एडवर्ड वाचून संपवला

प्रिय मनू,

माळ्यावरच्या तुझ्या खोक्यातलं ते जाडजूड काळं पुस्तक, डाळिंबाच्या चित्राचं 'मिडनाइट सन', काल रात्री पावणेदोनला संपवलं. बाबा दोनदा उठून "अगं लाइट बंद कर" करून गेले. फोनवरच सांगणार होते पण तू कॅबमध्ये असतेस, निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं मला, म्हणून टाइप करत बसलेय.

तू दहावीत 'ट्वायलाइट', बेला नावाच्या मुलीची आणि एडवर्ड नावाच्या रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरची ती प्रेमकथा, उशीखाली ठेवून वाचायचीस आणि मी ओरडायचे, आठवतंय? आणि त्याच सुमारास तुझं ते रडगाणं, की हीच गोष्ट एडवर्डच्या बाजूने लिहिणं चालू होतं पण 2008 मध्ये त्याची अर्धवट बारा प्रकरणं नेटवर फुटली आणि लेखिका स्टेफनी मायरबाईंनी लिहिणंच थांबवलं. मला तेव्हा वाटायचं, एकदा सांगून झालेली गोष्ट परत काय सांगायची? ते 'मिडनाइट सन' मग थेट ऑगस्ट 2020 मध्ये आलं, सगळे घरात कोंडलेले असताना, आणि तू ते मागवून वाचून इथेच टाकून गेलीस. बरं केलंस.

मी दोन्ही ओळीने वाचली, आधी तिचं मग त्याचं. इंग्लिश आहे म्हणून पहिली पन्नास पानं रखडले, मग गाडी सुटली. पाऊस तर घरचाच वाटला बघ, गोष्ट घडते त्या अमेरिकेतल्या फोर्क्स गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणे, म्हणजे जवळपास आपल्या रत्नागिरीएवढाच, फक्त आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो आणि तिकडे पुरवून पुरवून पडतो.

तर तो बायोलॉजीचा वर्ग. पहिल्या पुस्तकात बेला बिचारी शेजारी येऊन बसते आणि हा एडवर्ड मुठी आवळून खुर्चीच्या टोकाला, नजर अशी की हिने त्याच्या घरचं काही चोरलंय. तिला वाटतं आपलं काही चुकलं का, केसांना वास येतोय का. आणि दुसऱ्या पुस्तकात तोच तास त्याच्या डोक्यातून वाचला तर हा अख्ख्या वर्गाला कसं संपवायचं याचा हिशोब करतोय! कोणाला आधी, कोणाला नंतर, कारण तिच्या रक्ताचा वास त्याला सहन होत नाहीये. मी हातातला चहा खाली ठेवला. तास तोच, बाक तोच, आणि गोष्ट पूर्ण वेगळी. 'ययाती'त कसं आळीपाळीने ययाती, देवयानी, शर्मिष्ठा बोलतात आणि दर वेळी आपण पार्टी बदलतो, तसंच झालं माझं, फक्त इथे मधे पंधरा वर्षं गेली.

सगळ्यात मजा कशाची आली सांगू? ह्याला साऱ्या गावाच्या मनातलं ऐकू येतं. वर्गातल्या त्या माइकच्या डोक्यात बेलाबद्दल काय चाललंय ते ऐकून हा जळून खाक होतो, जेसिका तोंडावर गोड आणि मनात कडू, ती अँजेला तेवढी आतबाहेर सारखी. आणि जिच्या मनातलं ऐकायला जीव तडफडतोय तिथे मात्र शांतता. आपल्याला तर आधीच्या पुस्तकामुळे तिचं सगळं माहीत! म्हणजे शंभर वर्षांचा तो विद्वान आणि त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत. मी पानोपानी त्याला सांगत होते, अरे बाबा तसं नाहीये. बाबांना वाटलं मी त्यांनाच बोलतेय.

बेलाला व्हॅनखाली येता येता तो वाचवतो, त्यानंतर त्याच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती मीटिंग बसते, ते मी दोनदा वाचलं. (तिथे जेवत कोणीच नाही, टेबल कशाला घेतलं असेल?) बेलाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे आपल्यालाही नव्हतं, आणि इथे त्याची भावंडं, रोझली भडकलेली, जास्पर सरळ मुलीचा काटा काढायला निघालेला, आणि ॲलिसला दिसलेलं भविष्य. आपल्या घरी वाटणीच्या वेळी असंच वातावरण होतं, फक्त दात नव्हते.

पण एक गोष्ट मला नाही पटली आणि ती मी तुझी आई म्हणूनच सांगणार. रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली बघत बसणं. पहिल्या पुस्तकात तू म्हणायचीस किती रोमँटिक. इथे तर खिडकी करकरू नये म्हणून तिला तेल घालतो तो! त्याला स्वतःची लाज वाटते, पान पान भरून वाटते, आणि तरी परत येतो. कारण कळलं म्हणून मी त्याला माफ केलं नाही, पण पुस्तक काही खाली ठेवलं नाही हेही खरं. शेवटचा तो गाड्यांचा पाठलाग मात्र फार लांबवलाय, मी पानं उलटली.

वाचता वाचता सहज बाबांना विचारलं, आपल्या कांदेपोह्यांच्या वेळी तुमच्या मनात काय होतं हो? मला एवढंच आठवतं की हा माणूस माझ्याकडे न बघता आमच्या आप्पांना गॅसचा नंबर किती वर्षांनी लागला ते विचारत होता. तर म्हणाले, "तू आत तुझ्या आईला म्हणालीस ना, हा मुलगा मुका आहे का. ते बाहेर ऐकू आलं. मग घाबरून जे सुचलं ते विचारलं." अगं इतकी वर्षं! एक शब्द नाही काढला कधी.

आता सकाळपासून पुस्तक त्यांच्याकडे आहे. पहिलं प्रकरण वाचून विचारतात, हा पोरगा एवढा विचार करत बसतो तर अभ्यास कधी करतो? मी म्हटलं, 1918 पासून सतराच वर्षांचा आहे, सगळं पाठ आहे त्याचं. 'ट्वायलाइट' आधी वाचा म्हटलं तर नको म्हणाले, त्याचंच आधी वाचतो. बघू बेला त्यांना कशी दिसते ते, कळवते तुला.

आई

ता.क. आगळाची बाटली कुरियर केलीय, झाकण घट्ट आहे पण उभीच ठेव.